अल्प भूक असणाऱ्याचे वजन कसे वाढवावे?

पेरणीच्या तोंडावर दावणीचा बैल खंगलेला दिसला, तर कोणताही शेतकरी स्वस्थ बसत नाही. तो त्याच्या वैरणीत पेंड मिसळतो, जंताचे औषध पाजतो, जीभ व दात पाहतो, आणि एवढे करूनही फरक न पडल्यास पशुवैद्याला बोलावतो. त्याच घरातील एखादे माणूस मात्र वर्षानुवर्षे कृश राहिले, चार घासांतच त्याचे पोट भरू लागले, तर "त्याचा बांधाच तसा" असे म्हणून ती गोष्ट सोडून दिली जाते. प्रस्तुत पाठात अशा माणसाचा विचार करावयाचा आहे. ज्याला भूकच थोडी लागते त्याला "भरपूर जेव" असे सांगण्यात अर्थ नसतो. जेवढे पोटात जाते तेवढ्यातच अधिक पोषण कसे घालावे, हे त्याला व त्याच्या घरच्यांना दाखवून द्यावे लागते.

हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी १८.७ टक्के स्त्रिया व पुरुषांपैकी १६.२ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा कमी वजनाचे आढळले. कृश शरीर लवकर थकते, जखम लवकर भरून येत नाही, आणि गर्भवती कृश असल्यास मूलही कमी वजनाचे जन्मण्याचा संभव वाढतो. क्षयरोगाला तर असे शरीर म्हणजे कुंपण नसलेले शेतच होय. झारखंड राज्यात क्षयरुग्णांच्या कुटुंबांना दरमहा धान्य, डाळ इत्यादी शिधा देऊन एक मोठा प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. ज्या कुटुंबांतील सर्व माणसांना पुरेसा शिधा मिळाला, त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण इतर कुटुंबांच्या मानाने ३९ टक्क्यांनी कमी आढळले. ज्या रुग्णांचे वजन उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत शेकडा ५ ने वाढले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही पुष्कळ कमी दिसले. वजनाचे दोन-तीन किलो हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही, हे यावरून ध्यानात यावे.

१. वजन कमी आहे हे कसे ओळखावे?

डोळ्यांनी केलेला अंदाज फसवा असतो. यासाठी उंची व वजन दोन्ही मोजावीत. वजनाच्या किलोच्या आकड्याला उंचीच्या मीटरमधील आकड्याने दोन वेळा भागावे. उत्तर १८.५ पेक्षा कमी आल्यास प्रौढ माणसाचे वजन कमी आहे असे समजावे. ज्यांना हा हिशेब अवघड वाटेल त्यांनी पुढील कोष्टक वापरावे. त्यात प्रत्येक उंचीस किमान किती वजन असावे, ते दिले आहे.

उंची १४५ सें.मी. : ३९ किलो
उंची १५० सें.मी. : ४२ किलो
उंची १५५ सें.मी. : ४४.५ किलो
उंची १६० सें.मी. : ४७.५ किलो
उंची १६५ सें.मी. : ५०.५ किलो
उंची १७० सें.मी. : ५३.५ किलो
उंची १७५ सें.मी. : ५७ किलो

हे कोष्टक गर्भवती स्त्रियांना व मुलांना लागू करू नये. त्यांच्यासाठी अंगणवाडीत व आरोग्य उपकेंद्रात वेगळी मापे असतात.

२. भूक का मंदावते, याचा आधी शोध घ्यावा

पीक पिवळे पडले म्हणजे लगेच खत टाकणे हे शहाणपणाचे नव्हे. मुळाशी पाणी साचले आहे की कीड लागली आहे, हे आधी पाहावे लागते. शरीराचेही तसेच आहे. जन्मापासून बारीक पण निरोगी असलेला माणूस वेगळा, आणि चांगला धडधाकट असताना हळूहळू झडत चाललेला माणूस वेगळा. सहा महिने ते वर्षभराच्या काळात प्रयत्नाशिवाय शेकडा ५ पेक्षा अधिक वजन घटले, म्हणजे ५० किलोच्या माणसाचे अडीच किलो गेले, तर त्यास आधी डॉक्टरांकडे पाठवावे, आहाराचा उपदेश नंतर करावा.

पुढील लक्षणे दिसल्यास विलंब करू नये. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्रीचा घाम किंवा थुंकीतील रक्त ही क्षयाची लक्षणे असू शकतात. सतत तहान व वारंवार लघवी मधुमेहात आढळते. छातीत धडधड व हातांना कंप ही लक्षणे असल्यास गळ्यातील थायरॉईड ग्रंथीची तपासणी करावी लागते. गिळताना अडणे, शौचावाटे रक्त जाणे, दीर्घकाळ जुलाब होणे, याही गोष्टी घरगुती उपायांवर सोडण्यासारख्या नाहीत.

याखेरीज काही साधी कारणे घरोघर आढळतात. पोटातील जंत व रक्ताची कमतरता यांमुळे भूक मरते. दात पडलेले किंवा दुखरे असल्यास म्हातारी माणसे भाकरी टाळतात आणि नुसत्या चहावर दिवस काढतात. तंबाखू, बिडी व मिश्री यांनीही भूक दबते. मिश्री लावून कामाला लागलेल्या बाईला दुपारपर्यंत खाण्याची आठवण होत नाही, हे अनेकांनी पाहिले असेल. दिवसाकाठी पाच-सहा वेळा घेतलेला चहा पोटातील जागा अडवितो, आणि जेवणासोबत घेतल्यास अन्नातील लोहही शरीरात नीट शोषले जाऊ देत नाही. दारूने भूक व पैसा दोन्ही जातात.

मनाचेही एक कारण आहे. कर्जाची काळजी, घरातील मृत्यू किंवा एकटेपणा यांमुळे माणसाचे अन्नावरील लक्ष उडते. अशा माणसाला "नखरे करतो" म्हणून बोल लावू नये. त्याच्याशेजारी बसून जेवावे, त्याला बोलते करावे, आणि गरज वाटल्यास शासनाच्या टेली-मानस या सेवेच्या १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर सल्ला घ्यावा.

३. पेंडीचे तत्त्व

नुसत्या कडब्यावर बैलाचे पोट भरते, पण अंग भरत नाही. कडबा जागा फार घेतो व त्या मानाने शक्ती थोडी देतो. म्हणून शेतकरी त्यात शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड घालतो. पेंड थोडी असली तरी तिच्यात सत्त्व अधिक असते. अल्प भूक असलेल्या माणसाच्या आहारातही हेच तत्त्व लागू पडते.

अन्नातून मिळणारी शक्ती उष्मांकांत मोजतात. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून किंवा प्रथिनांपासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तेल-तुपापासून ९ मिळतात. यास्तव पातळ आमटीचे दोन वाटे वाढण्यापेक्षा एका वाटी घट्ट वरणावर चमचाभर तेल किंवा तूप घालणे अधिक फलदायी ठरते. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे व सुके खोबरे या आपल्याच शेतातील व घरातील वस्तू शक्तीने भरलेल्या आहेत. त्यांची चटणी ही तोंडी लावण्याची वस्तू आहे, असे आपण मानतो. कृश माणसाच्या ताटात तिला मुख्य पदार्थांच्या पंक्तीत बसवावे आणि भाकरीसोबत चटणीवर कच्चे तेल घालून द्यावे.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. बुरशी लागलेले, काळपट, सुरकुतलेले किंवा कडवट शेंगदाणे कदापि खाऊ नयेत व चटणीतही खपवू नयेत. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते व ते यकृताला घातक असते. भाजल्याने ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. शेंगा काढल्यावर त्या नीट वाळवून कोरड्या जागी साठविणे हाच त्यावर खरा उपाय होय.

४. खत जसे हप्त्याने, तसे अन्नही हप्त्याने

नत्रखताची सगळी मात्रा एकदम दिल्यास पीक ती घेऊ शकत नाही व बरेचसे खत वाया जाते. म्हणून आपण ती विभागून देतो. ज्याचे पोट चार घासांत भरते त्याला दोन मोठी जेवणे देणे हे असेच निरर्थक आहे. त्याने दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. भूक लागण्याची वाट न पाहता वेळ ठरवून खावे, कारण दीर्घकाळ थोडे खाणाऱ्याची भूक वेळेवर जागी होत नाही. नियमितपणाने ती पुन्हा लागू लागते.

शेतकरी कुटुंबास सोयीचा असा एक क्रम पुढे दिला आहे.

पहाटे, कामाला लागण्यापूर्वी : कपभर दूध व दोन खजूर, अथवा गूळ-शेंगदाणे. चहा घ्यावयाचा तर त्यानंतर तासाभराने.
सकाळी न्याहरीस : तेल लावून केलेले थालीपीठ, किंवा भाकरी, चटणी व तेल. शक्य असल्यास एक अंडे.
दुपारी शेतावर : घट्ट पिठले किंवा उसळ, भाकरी, दही. पाणी जेवणाच्या आधी पोटभर पिऊ नये, जेवणानंतर व कामाच्या मधल्या वेळात प्यावे.
तिसऱ्या प्रहरी : केळे, अथवा तिळाचा किंवा शेंगदाण्याचा लाडू.
रात्री : मऊ मूगडाळ खिचडी व त्यावर दोन चमचे तेल किंवा तूप, सोबत भाजी.
निजताना : अर्धा कप दूध किंवा नाचणीची लापशी.

ताटात आरंभी थोडेच वाढावे. भरलेले ताट पाहून मंद भुकेच्या माणसाचे मन मागे फिरते. संपल्यावर पुन्हा वाढणे चांगले. घट्ट, पौष्टिक पदार्थ आधी व ताक-सार शेवटी द्यावे.

५. रोज ५०० उष्मांकांची भर

वजन सावकाश व कायमचे वाढावयाचे असेल, तर नेहमीच्या अन्नात दररोज ३०० ते ५०० उष्मांकांची भर घालावी. ती कशी घालता येते याचा एक हिशेब पाहा. आकडे स्थूलमानाने दिले आहेत.

तेल, २ चहाचे चमचे (१० ग्रॅम) : ९० उष्मांक
भाजलेले शेंगदाणे, एक मूठ (३० ग्रॅम) : १६० उष्मांक
गूळ, एक लहान खडा (१५ ग्रॅम) : ५५ उष्मांक
केळे, मध्यम, एक : ९० उष्मांक
गाईचे दूध, १५० मि.लि. : १०० उष्मांक
एकूण : सुमारे ५०० उष्मांक

एवढेच उष्मांक नुसत्या भाकरीतून मिळवावयाचे तर ज्वारीचे सुमारे १५० ग्रॅम पीठ लागेल. म्हणजे ज्याला एक भाकरी जड जाते, त्याला दीड-दोन भाकऱ्या आणखी खाव्या लागतील. वरील वस्तू मात्र दिवसभरात विखरून घेता येतात, आणि जेवणाची जागा फारशी अडवीत नाहीत. या क्रमाने महिन्याला एक ते दोन किलो वजन वाढले तर ते समाधानकारक समजावे. याहून घाई करू नये.

मधुमेही माणसाने गूळ, केळी व खजूर यांची भर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घालू नये. मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे विकार असणाऱ्यांनीही आपला आहार डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. फारच खंगलेल्या माणसाला, म्हणजे वरील हिशेबाने ज्याचा आकडा १६ पेक्षा कमी येतो त्याला, एकदम भरपूर अन्न देणे धोक्याचे असते. त्याचा आहार वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळू वाढवावा लागतो.

६. मोड आलेल्या नाचणीचा उपयोग

पिठाची लापशी शिजली की फुगते व घट्ट होते. ती पातळ करण्यासाठी पाणी घातले की पोट पाण्याने भरते. यावर आपल्या घरात चालत आलेला एक उत्तम उपाय आहे. धान्याला मोड आले म्हणजे त्यात पिष्टाचे विघटन करणारा पाचक घटक तयार होतो. अशा धान्याच्या पिठाची लापशी तेवढ्याच पाण्यात पातळ राहते. त्यामुळे तिच्यात अधिक पीठ घालता येते व पिणाऱ्याला ती जड वाटत नाही. आजारातून उठलेली माणसे, दात नसलेली वृद्ध माणसे व सहा महिन्यांवरील बालके या सर्वांना ती मानवते.

कृती अशी : नाचणी निवडून स्वच्छ धुवावी व रात्रभर भिजत घालावी. सकाळी पाणी काढून ती ओल्या, स्वच्छ फडक्यात बांधून ठेवावी. दीड दिवसात लहान मोड दिसू लागतील. मग ती कडक उन्हात पूर्ण वाळवावी, मंद आचेवर अगदी हलकी भाजावी व दळावी. फार भाजल्यास मोडांचा गुण नाहीसा होतो. पीठ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. ओलसरपणा राहिल्यास बुरशी धरते. लापशी करताना दूध, गूळ व शेंगदाण्याचे बारीक कूट घालावे, व ती पुरती उकळूनच द्यावी.

७. प्रथिने, कष्ट व विश्रांती

नुसत्या साखर-तेलाने वाढलेले वजन चरबीचे असते. अंगात बळ यावे यासाठी प्रथिने हवीत. ज्वारी, बाजरी, तांदूळ व गहू यांच्या प्रथिनांत जी उणीव असते ती डाळी भरून काढतात, आणि डाळींतील उणीव धान्ये भरून काढतात. साधारणपणे तीन भाग धान्यास एक भाग डाळ किंवा कडधान्य, हे प्रमाण चांगले. दूध, दही, अंडी व मासे यांची जोड मिळाल्यास अधिक उत्तम. परसात चार शेवग्याची झाडे, दोन पपया व पाच-सात कोंबड्या असतील, तर बाजारावर फार अवलंबून राहावे लागत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार मध्यम कष्ट करणाऱ्या पुरुषास दिवसाला सुमारे २,७१० उष्मांक लागतात, तर अवजड कष्ट करणाऱ्यास ३,४७० लागतात. म्हणजेच नांगरणी, ऊसतोड किंवा मळणीच्या दिवसांत गरज शेकडो उष्मांकांनी वाढते. नेमक्या त्याच दिवसांत जेवणाची आबाळ होते व वजन उतरते. हंगामात शिदोरीचा डबा दोन कप्प्यांचा असावा. एकात जेवण आणि दुसऱ्यात लाडू, दाणे-गूळ किंवा फुटाणे. ज्यांचे काम बैठे आहे त्यांनी थोडे चालावे व जोर-बैठका काढाव्यात. त्याने भूक लागते व खाल्लेले स्नायूंच्या कामी येते. जे मुळातच दिवसभर राबतात त्यांना मात्र व्यायामापेक्षा पुरेशी झोप अधिक हितकारक होय.

८. सलाईन व पुड्या यांचा मोह

अशक्तपणा आला की "एक सलाईन लावून द्या" असा आग्रह धरण्याची प्रथा पडली आहे. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत अवघे २५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्यातून मिळणारी शक्ती एका केळ्याइतकी, किंमत मात्र कितीतरी केळ्यांची. नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये तर उष्मांक मुळीच नसतात. उलटीने किंवा जुलाबाने शरीरातील पाणी गेले असता सलाईन जीव वाचविते, परंतु वजन वाढविणे हे तिचे काम नव्हे.

याहून घातक म्हणजे "महिन्यात वजन वाढवा" म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्या व गोळ्या. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले आढळते. त्याने भूक खवळते व चेहरा फुगतो, त्यामुळे गुण आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते व रोगप्रतिकारशक्ती घटून दबलेला क्षयही डोके वर काढू शकतो. कोणी अशा पुड्या दीर्घकाळ घेत असल्यास त्या एकाएकी बंद न करता त्याला त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.

९. ग्राम-कार्यकर्त्याचे काम

कार्यकर्त्याने उपदेशाने आरंभ करू नये. घरी जाऊन शांतपणे विचारावे, "आजी, सकाळपासून काय काय घेतलेत?" मग कालचा सर्व आहार एका कागदावर लिहावा. चहा किती, तंबाखू किती, जेवण कोणासोबत व कोणत्या वेळी, हेही टिपावे. बहुतेक वेळा उणीव कोठे आहे हे त्या कागदावरच दिसते.

घरातील सुनेची चौकशी विशेष काळजीने करावी. सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते खाण्याची रीत पुष्कळ घरांत अद्याप आहे. भूक मेली म्हणून ती कमी खाते, की कमी उरते म्हणून तिची भूक मेली, हे सांगणे कठीण असते. भाषण न करता घरच्या वडीलधाऱ्यांना एवढेच सुचवावे की, तिचा वाटा आधी काढून झाकून ठेवावा, किंवा सर्वांनी एकत्र जेवावे. ती गर्भवती अथवा स्तनदा असल्यास तिचे नाव अंगणवाडीत नोंदवून पूरक आहार मिळतो की नाही, हे पाहावे. क्षयरुग्णास निक्षय पोषण योजनेखाली २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत असत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. ते पैसे त्याच्या खात्यात येतात की नाही व ते अन्नावर खर्च होतात की नाही, याचीही विचारपूस करावी.

वजन महिन्यातून एकदा, सकाळी काही खाण्यापूर्वी, शक्यतो त्याच काट्यावर करावे व वहीत तारखेसह लिहावे. दोन महिने आहाराचा क्रम नीट पाळूनही काटा हलला नाही, किंवा उलट खाली आला, तर त्या माणसास पुन्हा दवाखान्यात न्यावे. कोठेतरी रोग दडलेला आहे, ही ती सूचना असते.

शेतकरी बंधुभगिनींनो, खंगलेला बैल पुढच्या हंगामापर्यंत सुधारतो हे आपण अनुभवाने जाणतो. त्यासाठी आपण काही मोठे द्रव्य खर्च करीत नाही. रोज आठवणीने पसाभर पेंड घालतो, इतकेच. घरातील कृश माणसालाही तेवढीच रोजची आठवण हवी आहे : मूठभर दाणे, चमचाभर तेल, ठरलेली वेळ आणि शेजारी बसून जेवणारे कोणीतरी.

उजळणीसाठी प्रश्न

१. १६० सें.मी. उंचीच्या बाईचे वजन ४४ किलो आहे. तिचे वजन कमी आहे काय? किती?
२. वजन घटण्याची कोणती लक्षणे दिसल्यास आहारापूर्वी वैद्यकीय तपासणी करावी?
३. आपल्या गावात पिकणाऱ्या वस्तूंतून रोज ३०० उष्मांकांची भर कशी घालाल, ते लिहा.
४. आपल्या कार्यक्षेत्रातील एका घरी जाऊन एका व्यक्तीच्या कालच्या आहाराची नोंद करा आणि त्यात कोणता एक बदल प्रथम सुचवाल, ते कारणासह सांगा.